आइसलँडच्या हिमगुहा पाहायला जाताना

हिमनदीच्या पोटातील गुहा कायमची नसते. गेल्या हिवाळ्यात जिची छायाचित्रे सर्वत्र फिरली, ती गुहा या हिवाळ्यात त्याच जागी असेल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. असलीच तरी तिचे तोंड, उंची, रंग आणि आत शिरण्याची वाट हे सारे बदललेले असते. म्हणून आइसलँडला हिमगुहा पाहण्यासाठी जाणाऱ्याने अमुक एका गुहेचा हट्ट न धरता योग्य ऋतू, योग्य हिमनदी आणि जाणता वाटाड्या यांची निवड करावी, आणि ऐन वेळी ‘आज आत जाता येणार नाही’ असे सांगण्यात आले तर ते शांतपणे मान्य करता येईल इतकी मोकळीक बेतात आधीपासूनच ठेवावी. ही मोकळीक नसलेला बेत कितीही खर्चिक असला तरी कच्चाच समजावा.

गुहा कशी घडते

आइसलँडच्या आग्नेयेला व्हाटनायोकुल नावाची विस्तीर्ण हिमटोपी, म्हणजे मोठ्या भूभागावर पसरलेला बर्फाचा जाड थर, आहे. देशाचा सुमारे 8 टक्के भूभाग तिच्याखाली झाकलेला आहे, आणि घनफळाच्या दृष्टीने युरोपातील सर्वांत मोठ्या हिमटोप्यांमध्ये तिची गणना होते. तिच्या परिसरात 2008 मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि 2019 मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. या हिमटोपीतून चहूबाजूंनी ज्या हिमनद्या खाली उतरतात, त्यांपैकी ब्रेइदामेर्कुरयोकुल ही पर्यटकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्या पुढ्यात योकुलसारलोन हे हिमखंडांनी भरलेले सरोवर आहे, आणि ‘क्रिस्टल’ या नावाने दाखवल्या जाणाऱ्या गुहा याच हिमनदीत असतात.

उन्हाळ्यात हिमनदीच्या पृष्ठभागावरील बर्फ वितळू लागतो आणि ते पाणी भेगांमधून, उभ्या विवरांमधून आत उतरते. तळाशी पोहोचलेले पाणी बाहेर पडण्यासाठी बर्फातून वाट कोरत जाते, आणि ती वाट दर उन्हाळ्यात रुंदावत राहते. थंडी सुरू झाली की वितळणे मंदावते, पाणी ओसरते आणि एरवी प्रवाहाने व्यापलेला तो बोगदा रिकामा होतो. आपण ज्याला गुहा म्हणतो ती हीच पाण्याची जुनी वाट असते. वरच्या बर्फाच्या भाराने ती हळूहळू मिटत असते, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी परतले की तिचे छत वितळून, खचून अनेकदा ती पूर्ण नाहीशी होते.

निळ्या रंगाचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे साचलेला हिम स्वतःच्या वजनाने दाबला जातो, त्यातील हवेचे बुडबुडे पिळून निघतात आणि बर्फ काचेसारखा घट्ट होतो. अशा बर्फातून जाताना प्रकाशातील तांबडा भाग शोषला जातो आणि निळा भाग आपल्यापर्यंत पोहोचतो. मात्र यासाठी प्रकाश छतातून आत यावा लागतो. म्हणजे ज्या ठिकाणी निळाई सर्वांत देखणी दिसते, तेथे छत तुलनेने पातळ असण्याची शक्यता अधिक असते. हिमगुहेचे सौंदर्य आणि तिचा धोका एकमेकांना इतके चिकटलेले आहेत, हे ध्यानात ठेवले की वाटाड्याचे सावधगिरीचे निर्णय अनाठायी वाटत नाहीत.

केव्हा जावे

निळ्या हिमगुहांचा काळ सर्वसाधारणपणे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा. त्यातही डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण तोपर्यंत थंडी मुरलेली असते आणि गुहांची पाहणी होऊन वाटा ठरलेल्या असतात. डिसेंबरमध्ये दिवसाचा उजेड जेमतेम चार-पाच तासांचा असतो. ज्यांना एकाच दौऱ्यात रस्त्याचा प्रवासही उजेडात करायचा आहे, त्यांनी फेब्रुवारी निवडावा. हिवाळ्यातही अचानक ऊबदार वारे वाहून दोन दिवस पाऊस पडतो, गुहेत पाणी शिरते आणि सहली रद्द होतात. दक्षिण किनाऱ्यावर हे वरचेवर घडते.

उन्हाळ्यातील हिमगुहांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ब्रेइदामेर्कुरयोकुलसारख्या वितळत्या हिमनदीच्या कडेला उन्हाळ्यात बर्फाच्या छताखाली किंवा अरुंद हिमभिंतींच्या मध्ये जाऊ नये. 25 ऑगस्ट 2024 रोजी याच हिमनदीवर वाटाड्यांबरोबर गेलेल्या 23 जणांच्या गटातील दोघांवर बर्फाची भिंत कोसळली. एका अमेरिकी पर्यटकाचा मृत्यू झाला आणि त्याची जोडीदार जखमी झाली. गटात 25 जण असल्याची चुकीची नोंद असल्यामुळे आणखी दोघे बर्फाखाली आहेत असे समजून मदत पथकांनी दुसऱ्या दिवसापर्यंत, यंत्रे नेणे अवघड असलेल्या त्या जागी, बराचसा बर्फ हातांनी उपसला. या दुर्घटनेनंतर राष्ट्रीय उद्यानाने तेथील हिमगुहांच्या सहली थांबवल्या आणि पुढे नव्या अटींसह त्या सुरू झाल्या. त्या गटाबरोबर वाटाडे होते आणि सहल पैसे भरून घेतलेली होती. ऋतू चुकला तर या दोन गोष्टी पुरेशा ठरत नाहीत.

विक गावाजवळ मिरदाल्सयोकुल हिमटोपीच्या एका शाखेत ‘कात्ला’ नावाने दाखवली जाणारी गुहा वर्षभर पाहता येते असे सांगितले जाते. तेथील बर्फात ज्वालामुखीच्या राखेचे काळे पट्टे आहेत आणि ते दृश्य निळ्या गुहांपेक्षा वेगळे व फार प्रभावी आहे. कात्ला हा हिमाखालचा ज्वालामुखी असून त्याचा मोठा उद्रेक 1918 मध्ये झाला होता. अशा हिमटोप्यांखालून पाण्याचे अचानक लोंढे येतात. जुलै 2024 मध्ये असाच लोंढा येऊन मुख्य रस्ता बंद पडला होता. 1996 च्या नोव्हेंबरमध्ये व्हाटनायोकुलखालील उद्रेकानंतर आलेल्या महापुरात वाहून गेलेल्या पुलाच्या वाकलेल्या तुळया राष्ट्रीय उद्यानातील स्काफ्ताफेलजवळ रस्त्याच्या कडेला आजही पाहता येतात. पाच मिनिटे थांबून त्या अवश्य पाहाव्यात. हिमनदीच्या पाण्याची ताकद काय असते, हे त्या पोलादाकडे पाहून कळते. नदीकाठी गंधकाचा उग्र वास येऊ लागला तर तेथे रेंगाळू नये.

गरम झऱ्यांच्या वाफेमुळे तयार होणाऱ्या गुहांचा एक तिसरा प्रकार आहे. क्वेर्कफ्योल आणि ह्राप्नतिन्नुस्केर या डोंगराळ भागांत अशा गुहा असत. त्यांत छत कोसळण्याबरोबरच विषारी वायू साचण्याचीही भीती असते. ह्राप्नतिन्नुस्केर येथे 2006 मध्ये बर्फ अंगावर पडून एका जर्मन पर्यटकाचा मृत्यू झाला होता. पदभ्रमंती करताना अशी गुहा वाटेत दिसली तरी तिच्या तोंडाशीसुद्धा जाऊ नये.

सहल कशी निवडावी

नैसर्गिक हिमगुहेत स्वतःहून जाऊ नये, हा नियम सह्याद्रीत वर्षानुवर्षे फिरलेल्या अनुभवी ट्रेकरलाही तितकाच लागू आहे. कातळाची जाण बर्फावर उपयोगी पडत नाही. कातळातली भेग सहसा उद्याही तशीच असते, पण बर्फातली भेग सकाळी एक आणि दुपारी दुसरी असू शकते.

सहलींचे दर साधारणपणे माणशी 20,000 ते 30,000 आइसलँडी क्रोना असतात. स्वस्त आणि महाग सहलींमध्ये फरक बहुधा गटाच्या आकाराचा, बर्फावर घालवण्याच्या वेळेचा आणि चालण्याच्या अंतराचा असतो. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी थोडी लांब, हिमनदीवरून चालत जाण्याची सहल घ्यावी असे मी सुचवेन, कारण सर्वांत सोप्या गुहेपाशी सगळेच गट एकाच वेळी येतात आणि आत उभे राहायलाही रांग लागते. पैसे भरण्यापूर्वी कंपनीला पत्र लिहून काही गोष्टी विचाराव्यात. एका वाटाड्यामागे किती माणसे असतील? वाटाड्याचे हिमनदीवरील प्रशिक्षण कोणत्या स्तराचे आहे? राष्ट्रीय उद्यानाशी कंपनीचा करार आहे का? गुहेची पाहणी रोज केली जाते का आणि ती कोण करतो? सहल रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते? या प्रश्नांना नेमकी उत्तरे देणारी कंपनी निवडावी. केवळ छायाचित्रे पाठवणारी टाळावी. आइसलँडमध्ये पर्वतीय वाटाड्यांची संघटना असून ती हिमनदीवरील प्रशिक्षणाचे स्तर ठरवते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोघम असण्याचे कारणच नाही.

सहलीच्या सकाळी गटाची नोंद होते तेव्हा आपले नाव यादीत आहे याची खात्री करावी, आणि कोणी ऐन वेळी माघार घेतली तर तेही स्पष्टपणे नोंदवायला लावावे. 2024 च्या दुर्घटनेत चुकीच्या संख्येमुळे मदत पथकांनी दुसऱ्या दिवसापर्यंत काय सोसले ते आठवावे.

मुलांसाठी किमान वयाची अट कंपनीनुसार बदलते. ज्येष्ठांनी वयापेक्षा तोल आणि गुडघे यांचा विचार करावा. गुहेपर्यंत मोठ्या टायरच्या उंच जीपमधून खडबडीत रस्त्याने जावे लागते, पुढे दगडगोट्यांच्या सैल उतारावरून चालावे लागते आणि काही ठिकाणी वाकून, दोराला धरून आत शिरावे लागते. बंद जागेची भीती वाटणाऱ्याने हे आधीच सांगितले तर वाटाडे त्याला तोंडाजवळच्या मोकळ्या भागात थांबवतात.

प्रवासाची आखणी

आइसलँड शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि त्यासोबत किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. विमा घेताना हिमनदीवर चालणे हा साहसी प्रकार म्हणून वगळलेला तर नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचून घ्यावे. अनेक पॉलिसींत तो वगळलेला असतो. लंडनमार्गे विमान घेतल्यास ब्रिटनच्या मार्गस्थ व्हिसाचे नियमही तपासावे लागतात, म्हणून कोपनहेगन, फ्रँकफर्ट किंवा हेलसिंकीमार्गे जाणे अधिक सुटसुटीत ठरते.

राजधानी रेक्याविकपासून योकुलसारलोन सुमारे 370 किलोमीटर दूर आहे. चांगल्या हवेत पाच तास लागतात, वादळात रस्ताच बंद होतो. रेक्याविकहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत हिवाळ्यात करू नये. येथेच मोकळिकीचा मुद्दा प्रत्यक्षात येतो: होफ्न गावाच्या किंवा स्काफ्ताफेलच्या परिसरात किमान दोन, शक्यतो तीन रात्री राहावे आणि गुहेची सहल त्यांतील पहिल्याच दिवशी ठरवावी. पहिला दिवस रद्द झाला तर दुसरा उरतो. शेवटच्या दिवसावर सहल ठेवून पुढे लगेच परतीचे विमान गाठायचे, असा बेत आखणाऱ्यांचीच सर्वाधिक निराशा होते, आणि घाईमुळे वादळात गाडी हाकण्याचा मोहही त्यांनाच होतो.

स्वतः गाडी चालवणार असाल तर आइसलँडच्या हवामान खात्याचा अंदाज आणि रस्ते विभागाचा नकाशा सकाळ-संध्याकाळ पाहावा. डांबरी रस्त्यावर गावाबाहेर वेगमर्यादा ताशी 90 किलोमीटर असून दिवसाही दिवे लावणे बंधनकारक आहे. गाडी उजव्या बाजूने चालवायची असते, आणि या मार्गावर एकपदरी पूल लागतात. वाऱ्याच्या झोताने गाडीचे दार उलटे वाकते, म्हणून गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी आणि दार दोन्ही हातांनी धरूनच उघडावे. ज्यांनी कधी बर्फावर गाडी चालवलेली नाही, त्यांनी रेक्याविकहून निघणारी दोन-तीन दिवसांची बससहल घ्यावी. तिच्यात गुहाही समाविष्ट असते. आपत्कालीन क्रमांक 112 आहे; त्याच नावाचे अॅप मोबाइलवर आधीच घेऊन ठेवावे.

कपडे आणि क्रॅम्पॉन

गुहेच्या आत तापमान शून्याच्या आसपास असते आणि वारा नसतो, त्यामुळे आत थंडीचा त्रास बेताचाच होतो. खरा त्रास बाहेरच्या ओल्या वाऱ्याचा असतो. अंगाला लागून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जॅकेट व विजार असा क्रम ठेवावा. सुती बनियन आणि जीन्स पूर्णपणे टाळावेत; सुती कापड भिजले की वाळत नाही आणि अंगातील ऊब ओढून घेते. हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत, कारण गुहेत दोराला आणि ओल्या बर्फाला हात लागून पहिला जोड भिजतोच. कानटोपी हेल्मेटखाली बसेल इतकी पातळ असावी.

बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारे आणि कडक तळाचे हवेत. मऊ तळाच्या खेळाच्या बुटांवर क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतण्यासाठी बुटांखाली बांधायचे धातूचे दाते, नीट बसत नाहीत. क्रॅम्पॉन आणि हेल्मेट कंपनी देते, बूटही बहुधा भाड्याने मिळतात, मात्र मापाची नोंद आधी करावी.

क्रॅम्पॉन घालून कसे चालावे हे वाटाड्या शिकवतो, तरी काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. पट्ट्याचे बक्कल बाहेरच्या बाजूला असावे आणि मोकळे टोक आत खोचावे, नाहीतर दुसऱ्या पायाचे दाते त्यात अडकतात. विजारीचा घोळ मोज्यात किंवा गेटरमध्ये (बूट आणि पोटरीवर बांधायच्या आवरणात) घालावा. पावले नेहमीपेक्षा थोडी फाकवून टाकावीत आणि प्रत्येक पाऊल सपाट, सर्व दाते एकाच वेळी रुततील असे ठेवावे. आपण एरवी उतारावर टाच आधी टेकवतो. बर्फावर ती सवय घात करते. उतरताना गुडघे किंचित वाकवून पूर्ण पाऊल बर्फावर दाबावे.

आत गेल्यावर

वाटाड्या प्रथम एकटा आत जाऊन येतो. तोपर्यंत छताखाली किंवा तोंडाच्या कडेखाली उभे राहू नये; बर्फाचे तुकडे सर्वाधिक तेथूनच पडतात, आणि छायाचित्रासाठी माणसे नेमकी तेथेच थांबतात. हेल्मेट आतून बाहेर येईपर्यंत काढू नये. जमिनीवर ताज्या, धारदार कडांचे तुकडे पडलेले दिसले, छतातून थेंबांची धार लागली, पायाखालून पाण्याचा आवाज वाढला किंवा बर्फातून कडकड असा आवाज आला, तर ते वाटाड्याला लगेच सांगावे. त्याने ‘बाहेर’ म्हटले की बॅग उचलण्यासाठीही मागे वळू नये.

एवढी खबरदारी घेतल्यावर मात्र मन भरून पाहावे. भिंतीजवळ जाऊन नीट पाहिले तर सगळ्या भिंतीवर शिंपल्यासारखे उथळ खळगे दिसतात, एकाला एक लागून, कडा पातळ आणि गुळगुळीत. वाहत्या पाण्याने आणि हवेने ते कोरलेले असतात. हातातील दिवा भिंतीला चिकटवून धरला की आत अडकलेले हवेचे टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे एका दिशेने ताणलेले दिसतात, आणि त्यांच्यामधून राखेची एक काळी रेघ तिरपी जात असते. बर्फ प्रवाहासारखा सरकत असतो, याचा पुरावा त्या ताणलेल्या बुडबुड्यांत डोळ्यांनी पाहायला मिळतो. भिंतीवर नाव कोरणे किंवा लोंबणारे बर्फाचे सुळके मोडणे हे अर्थातच करू नये.

छायाचित्रांसाठी रुंद कोनाची लेन्स उपयोगी पडते. ट्रायपॉड गर्दीत वाट अडवतो, म्हणून छायाचित्रणासाठीची खास सहल घेतली नसेल तर तो नेऊ नये. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. परतताना कॅमेरा बाहेरच बॅगेत बंद करावा आणि गाडीच्या उबेत लगेच उघडू नये, नाहीतर लेन्सच्या आत दव धरते. ड्रोनसाठी उद्यानाचे नियम कडक आहेत. परवानगीशिवाय तो उडवू नये.

गोमुखाबद्दल

मराठी यात्रेकरूंना हिमनदीचे मुख परिचयाचे आहे ते गोमुखामुळे. गंगोत्रीपासून सुमारे 18 किलोमीटर चालून, चिरबासा आणि भोजबासा ओलांडून जेथे भागीरथी बर्फातून बाहेर पडते, ते मुख हीसुद्धा एक हिमगुहाच आहे. मात्र यात्रेच्या काळात तिच्यातून पाणी जोरात वाहत असते आणि तोंडावरचे कडे ढासळत असतात. 2016 मध्ये तेथील बर्फाचा मोठा भाग तुटला होता. गोमुखाचे दर्शन दुरूनच घ्यावे. तीर्थ भरून घेण्यासाठी मुखाशी जाण्याची गरज नाही, तेच पाणी थोडे खाली प्रवाहाच्या कडेला सुरक्षितपणे मिळते. बरोबरच्या वडीलधाऱ्यांना हे निघण्याआधीच समजावून सांगावे, कारण तेथे पोहोचल्यावर श्रद्धेच्या भरात कोणी ऐकत नाही.

सहल रद्द झाली तर

पैसे परत घेण्यापूर्वी दुसरी तारीख मागावी. ती मिळाली नाही तर स्काफ्ताफेलहून निघणारी हिमनदीवरील पदभ्रमंती विचारावी. गुहांमध्ये पाणी भरलेले असतानाही ती अनेकदा चालू असते, आणि भेगा, विवरे व निळा बर्फ तिच्यातही जवळून दिसतात. योकुलसारलोनच्या काठावर फिरावे, पण गोठलेल्या सरोवरावर किंवा किनाऱ्याला लागलेल्या हिमखंडांवर चढू नये, ते अचानक उलटतात. पश्चिमेकडील लांगयोकुल हिमटोपीमध्ये 2015 मध्ये खुला झालेला मानवनिर्मित बोगदा आहे. नैसर्गिक गुहेची निळाई त्यात नाही, पण बर्फाचे थर त्यात फार स्पष्ट दिसतात, आणि ज्येष्ठांसाठी व लहान मुलांसाठी तो सोयीचा आहे. रेक्याविकमध्येच अडकून पडलात तर पेरलान या संग्रहालयात सुमारे 100 मीटर लांबीची कृत्रिम हिमगुहा आहे; तेथे गरम कपडे घालूनच जावे, आत तापमान शून्याखाली ठेवलेले असते.